कोरे तिकीट

सन २०१९ च्या उन्हाळ्यात मी महिनाभर व्हिएन्ना शहरात राहिलो. माझी लेक आणि जावई तेथे नोकरीनिमित्त असतात. ती दोघे सकाळी कामावर गेली, की घरात उरत असू मी आणि माझी नऊ वर्षांची नात. तिच्या शाळेला सुटी होती. मला तेथील जर्मन भाषेचे अक्षरही कळत नव्हते आणि नात तर ती भाषा पाण्यासारखी बोले. तेव्हा तिने पुढे चालावे आणि मी मागून जावे, असा आमचा क्रम ठरून गेला. उभा जन्म मुलांना रांगेत चालवणारा मी मुख्याध्यापक. आता एका चिमुरडीच्या मागोमाग निमूटपणे चालू लागलो!

व्हिएन्ना ही ऑस्ट्रिया देशाची राजधानी. तिच्या मधोमध संत स्टीफनचे जुने, भव्य चर्च उभे आहे. त्याचा दक्षिणेकडील मनोरा १३६ मीटर उंच आहे. तो १४३३ साली पुरा झाला. या मनोऱ्याभोवती जुने गाव आणि गावाभोवती एके काळी भक्कम तट होता. तुर्कांच्या फौजांनी १५२९ साली आणि पुन्हा १६८३ साली या शहराला वेढा घातला. पण दोन्ही वेळा शहर हाती लागले नाही. पुढे तोफांचे बळ वाढले, शहरही तटाबाहेर पसरले. तेव्हा १८५७ साली बादशहा फ्रान्झ जोसेफ याने तो तट पाडण्याची आज्ञा दिली. तटाच्या जागी एक रुंद, झाडांच्या रांगांनी सजलेला रस्ता झाला. त्याचे नाव रिंगस्ट्रासे, म्हणजे वलयाकार रस्ता.

या रस्त्यावरून ट्राम धावते. व्हिएन्नात १८६५ साली पहिली ट्राम घोड्यांनी ओढली; १८९७ पासून विजेची ट्राम सुरू झाली. तांबड्या-पांढऱ्या रंगाच्या त्या गाड्या आजही शहरभर फिरतात. खिडकीशी बसावे आणि बाहेर पाहावे. संगीतनाट्यगृह, दोन जुळी वस्तुसंग्रहालये, संसदभवन, नगरभवन, विद्यापीठ अशा एकाहून एक देखण्या वास्तू एकामागून एक येऊन आपल्याला भेटतात. जणू इतिहासाच्या पुस्तकाची पाने कोणी आपल्यासाठी उलटीत आहे!

एकाहत्तर क्रमांकाची ट्राम शहराच्या मोठ्या दफनभूमीकडे जाते. बीथोव्हेन आणि शूबर्ट हे थोर संगीतकार तेथेच चिरनिद्रा घेत आहेत. त्यामुळे कोणी वारला, की ‘त्याने एकाहत्तर नंबर पकडला’ असे व्हिएन्नाचे लोक म्हणतात. मरणाच्या गोष्टीलाही हसून सामोरे जाणारी ही म्हण मला फार आवडली.

जमिनीखालून भुयारी रेल्वे जाते. ती १९७८ साली सुरू झाली. मी गेलो तेव्हा तिचे पाच मार्ग होते आणि प्रत्येकाचा रंग निराळा होता. मला वाचता न येणाऱ्या नावांपेक्षा त्या रंगांचाच आधार अधिक वाटे. स्टीफन चर्चजवळचे स्थानक खोदताना १९७३ साली जमिनीच्या पोटात तेराव्या शतकातील एक प्रार्थनामंदिर सापडले. तेथील लोकांनी ते बुजवले नाही. स्थानकातून जाताना एका काचेतून ते दिसते. घाईने गाडी गाठणारी माणसे आणि काचेपलीकडे शतकानुशतके स्तब्ध असलेले ते दगड, असे ते दृश्य मी कितीदा तरी पाहत उभा राही आणि नात माझी बाही ओढी.

परंतु मला सर्वांत नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. या स्थानकांना तिकीट तपासणारी फाटके नव्हती. दारात कोणी माणूस नव्हता. ट्राममध्ये कंडक्टर नव्हता. तंबाखू-वर्तमानपत्रांच्या दुकानातून तिकीट घ्यावे, स्थानकाच्या तोंडाशी किंवा ट्रामच्या आत एक लहानशी निळी पेटी असे, तिच्यात ते सरकवावे. ‘खट्’ असा आवाज होई आणि तिकिटावर तारीख व वेळ छापली जाई. मग त्याच तिकिटावर गाडी बदलून, ट्राममधून रेल्वेत आणि रेल्वेतून बसमध्ये जाऊन मुक्कामाला पोहोचावे. छाप नसलेले तिकीट मात्र तिकीटच नव्हे. साध्या वेषातील तपासनीस कधीमधी येत आणि चुकणाऱ्याला जबर दंड करीत. पण महिनाभरात मला असा तपासनीस एकदाही भेटला नाही.

एके दिवशी आम्ही संगीतनाट्यगृहापाशी एक नंबरच्या ट्राममध्ये चढलो. नातीला सुटीच्या दिवसांत तिकीट लागत नव्हते. माझे मात्र खिशात होते. गाडीत गर्दी होती. एका वृद्ध बाईंना मी वाट करून दिली, नातीला खिडकीशी बसवले आणि बाहेरच्या शोभेत रमून गेलो. श्वेडनप्लाट्झ या चौकात उतरलो, तेव्हा नातीने माझ्या हातातील तिकीट पाहिले.

“आजोबा, हे तर कोरंच आहे!”

मी चपापलो. खरेच, मी छाप मारायलाच विसरलो होतो.

“म्हणजे आपण फुकट आलो?” तिने विचारले.

“विसरलो ग मी.”

“कोणी पाहिलं नाही ना?”

तिने हे अगदी सहज विचारले. पण ते शब्द कानी पडताच मला माझी शाळा आठवली. परीक्षेच्या दिवसांत मी प्रत्येक वर्गावर दोन-दोन शिक्षक नेमीत असे. स्वतः पाय न वाजवता व्हरांड्यातून फिरे आणि खिडकीतून डोकावे. एकदा आठवीतील एक मुलगा धीर करून म्हणाला होता, “सर, एकदा आम्हांला एकटं सोडून पाहा ना. आम्ही कॉपी नाही करणार.” मी हसलो आणि म्हणालो, “आधी मार्क आण, मग शहाणपण शिकव.” वर्गही हसला. तो मुलगा खाली मान घालून बसला. पुढे त्याने पुन्हा कधी काही मागितले नाही.

तेवढ्या वर्षांत मी मुलांवर पहारा पुष्कळ ठेवला. विश्वास मात्र एकदाही टाकून पाहिला नाही. आणि आज माझ्यावर विश्वास टाकलेल्या शहरात मीच कोरे तिकीट घेऊन उभा होतो!

मी नातीचा हात धरला आणि रेल्वेस्थानकाच्या पायऱ्या उतरलो. निळ्या पेटीत तिकीट सरकवले. ‘खट्’ आवाज झाला. आता त्याच तिकिटावर घरी जाता आले असते. पण मी ते खिशात ठेवले, शेजारच्या यंत्रातून दुसरे तिकीट काढले आणि मग गाडीकडे वळलो.

“दोन तिकिटं कशाला, आजोबा?”

“एक येण्याचं आणि एक जाण्याचं.”

ती क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, “पण पहिलं कोणालाच कळलं नसतं.”

“तुला कळलं होतं ना? आणि मलाही.”

ती काही बोलली नाही. गाडी आली. आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि घर येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

मुलांनो, त्या शहराचे मनोरे आणि राजवाडे आता माझ्या आठवणीत थोडे पुसट झाले आहेत. ते पहिले तिकीट मात्र मी जपून ठेवले आहे. माझ्या शब्दकोशात ते खुणेसाठी घातलेले असते. कोश उघडला, की ते हाती येते आणि मला तो आठवीतील मुलगा आठवतो. तो आता चांगला मोठा झाला असेल. कधी भेटलाच, तर मी त्याला सांगणार आहे, “बाबा रे, तुझं म्हणणं मी तेव्हा ऐकायला हवं होतं.”