आधी बघू, मग पुसू

पुण्यात कुणालाही "मी तळेगावचा" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग रोज लोकलने येतोस का?" त्यांचं तळेगाव दाभाड्यांचं. माझं श्यामजीपंतांचं. अमरावतीहून नागपूरला निघालात की मोझरी, तिवसा मागे पडतं, वर्धा नदी लागते आणि मग आमचं तळेगाव. हिंजवडीहून तिथे पोचायला लोकल नाही, रात्रभर ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये अंग मोडून घ्यावं लागतं. पहाटे हायवेवर उतरलं की दिवाळीच्या सुमारास संत्र्यांनी भरलेले ट्रक दिसतात आणि झोप उडते.

२०२५ च्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा संत्र्यांच्याही आधी समोर आला तो बाबांचा लॅपटॉप. बाबांनी तो दारातच पुढे केला.

"हे पाय बरं. हे म्हन्ते का याचं आता संपलं म्हणून."

दिवाळीच्या आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला होता. नोंदणी केली तर वर्षभराची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत होती. पण ती काही कायमची सोय नव्हे. आणि विंडोज ११ म्हणाल, तर त्याला टीपीएम २.० ची चिप लागते आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर. बाबांचा लॅपटॉप २०१४ चा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, मेलेली बॅटरी, आणि हो, बाजूला चक्क डीव्हीडी ड्राइव्ह!

आम्हा आयटीवाल्यांचं उत्तर तयारच असतं. "बाबा, नवीन घेऊ."

"चालून राह्यला ना हा? मंग कायले फेकाचा?"

आता याला काय उत्तर देणार, सांगा. लॅपटॉप खरंच चालत होता. दारात ऊन येतं तिथे बसून बाबा रोज त्यावर काहीतरी टाइप करतात. एका शाळेत क्लार्क म्हणून आयुष्य गेलं, मराठी टायपिंगची ३० ची परीक्षा पास झालेले, बोटं अजून टाइपरायटरवरच आहेत. मी म्हटलं, ठीक, लिनक्स टाकू.

बाबांना लिनक्स समजावायला आमचं गावच कामाला आलं. "बाबा, लिनक्स म्हणजे नुसतं 'तळेगाव'. उबुंटू, मिंट, डेबियन ही पुढची आडनावं. आत तेच कर्नेल, वरचा कारभार ज्याचा त्याचा." हे त्यांना पटलं. मात्र पुढचं वाक्य ऐकून ते गप्प झाले. मी म्हणालो होतो, "विंडोज पुसून टाकू."

"तुह्या दादानं बी असंच म्हटलं होतं."

ही आमच्या घरातली जुनी जखम. २००८ साली काकांच्या मुलाने, म्हणजे दादाने, उबुंटूची सीडी मागवली होती. तेव्हा शिपइट नावाची योजना होती. नाव-पत्ता कळवला की सीडी फुकटात घरपोच यायची, तीही परदेशातून (ही योजना २०११ मध्ये बंद झाली). मी तेव्हा अकरा वर्षांचा. पोस्टमनने तळेगावात 'फॉरेनचं' पाकीट आणून दिलं याचंच केवढं अप्रूप! दादाने त्याच रात्री सीडी काकांच्या कॉम्प्युटरमध्ये घातली, एका प्रश्नाला न वाचता 'हो' म्हटलं आणि ताईच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. दादा आज चांगल्या हुद्द्यावर आहे, पण घरी आला की अजून हा विषय निघतोच.

म्हणून मी ठरवलं, आधी नुसतं चालवून दाखवायचं. इन्स्टॉल न करता.

ऑफिसच्या लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट बंद, घरातल्या एकुलत्या एका पेनड्राइव्हवर आत्याने दिलेली भजनं. राहिली डीव्हीडी. बाजारातल्या फोटो स्टुडिओत विचारलं, तर तिथल्या माणसाने आधी मला नीट बघून घेतलं आणि मग लग्नांच्या सीझनमधून उरलेल्या दोन कोऱ्या डिस्क काढून दिल्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लिनक्स मिंटची जवळजवळ तीन जीबीची आयएसओ फाइल उतरवली, तिचा चेकसम ताडून पाहिला (हे करा, आळस करू नका) आणि बर्न करायला लावली.

इथे बरेच जण चुकतात. आयएसओ ही फाइल नुसती डिस्कवर कॉपी केली तर ती डिस्क बूट होत नाही. ती फाइल म्हणजे अख्ख्या डिस्कचा साचा असतो, तो जसाच्या तसा उतरवावा लागतो. विंडोज ७ पासून त्यासाठी 'बर्न डिस्क इमेज' हा पर्याय आत दिलेलाच आहे. असा साचा उतरला की डिस्कवर एका ठरलेल्या जागी 'इथून सुरू कर' अशी खूण बसते. ती जागा कुठली, हे १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी 'एल टोरिटो' नावाच्या नियमात ठरवून दिलं. लॅपटॉप चालू होताना हार्ड डिस्ककडे न जाता आधी ती खूण शोधतो, सापडली की कर्नेल उचलून रॅममध्ये आणतो आणि तिथेच सगळा संसार थाटतो.

७० टक्के बर्न झालं आणि लाइट गेली. बॅटरी मेलेली, म्हणजे लॅपटॉपही गेला. पहिली डिस्क सध्या आईच्या चहाच्या कपाखाली असते.

दुसरी मात्र झाली. एफ-१२ दाबून डीव्हीडी निवडली. ड्राइव्ह पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. पाच मिनिटं झाली, सात झाली... आणि हिरवं-काळं मिंट समोर आलं! बाबा खुर्ची ओढून बसले.

"माह्यं सारं गेलं का मंग?"

"काहीच गेलं नाही. हा मांडव आहे असं समजा. अंगणात घातला, जेवणं झाली, काढला. घराच्या भिंतीला खिळासुद्धा ठोकलेला नाही." आपणच आत जाऊन एखादी फाइल उडवली तर गोष्ट वेगळी, पण डिस्क स्वतःहून कशाला हात लावत नाही. पटावं म्हणून मी त्यांची हार्ड डिस्क उघडून दाखवली. सगळे फोल्डर जागच्या जागी. बाबांनी एका फोल्डरवर बोट ठेवलं. त्याचं नाव 'माय'.

माय म्हणजे माझी आजी. २०१५ च्या उन्हाळ्यात बाबांनी रोज दुपारी तिच्याजवळ बसून तिच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करून घेतल्या होत्या. मी तेव्हा सीईटीच्या नादात, मला काय त्याचं! पुढच्या वर्षी आजी गेली. तीनशेच्या वर ओव्या, तीन फाइली. मी पहिली उघडली.

पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा.

बाबा वाकून बघत राहिले. "हे काय करून ठेवलं बे तू?" आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. एक क्षण माझ्याही पोटात गोळा आला. मग डोक्यात उजेड पडला. कृतिदेव!

बाबांनी सगळं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं. आता या जुन्या फॉन्टांची गंमत अशी की फाइलमध्ये मराठी नसतंच. असतात ती इंग्रजी अक्षरं, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. मिंटमध्ये कृतिदेव नाही, म्हणून मुखवटा गळला. पहिल्याच ओळीत तीनदा 'माय' असावं. कारण तीनदा दिसत होतं ई, मग के, मग एक अर्धविराम. कृतिदेवमध्ये 'य' अर्धविरामाच्या जागी बसतो. दिवसभर ज्या अर्धविरामासाठी मी कंपायलरच्या शिव्या खातो, तो इथे मायचा 'य' होता.

हार्ड डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरमधून फॉन्टची फाइल उचलली, मिंटच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकली, लिबरऑफिस बंद करून उघडलं. ओव्या आल्या. बाबांनी दोन ओळी मनातल्या मनात वाचल्या आणि उठून बाहेर गेले.

सकाळी स्वतःच डिस्क घालून बसले होते. पुन्हा कचरा! "काल तं दिसून राह्यलं होतं?" लाइव्ह डिस्क रॅममध्ये राहते, बंद केली की सगळं विसरते. आदल्या दिवशीचा फॉन्टही विसरली. मांडव काढला की त्याला बांधलेलं तोरणही जातं, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. :)

पण या गोंधळातून मला एक कळलं. आदल्या रात्री मी 'इरेज डिस्क' वर टिचकी मारली असती तर फाइली तर गेल्याच असत्या. त्या वाचवल्या असत्या तरी त्या वाचता येत नाहीत हे सगळं पुसून झाल्यावर कळलं असतं. मुखवट्यावर किती दिवस भरवसा ठेवणार? लिनक्सची पहिली घोषणा आणि देवनागरी असलेलं युनिकोडचं पहिलं रूप, दोन्ही १९९१ ची. तरी आमच्या घरात युनिकोड पोचायला इतकी वर्षं लागली.

सगळ्यात आधी ऑनलाइन एक प्रत ठेवली. मग ओव्या युनिकोडमध्ये आणायला बसलो. वाटलं होतं तेवढं ते सरळ नव्हतं. कृतिदेवमध्ये टाइपरायटरसारखी ह्रस्व वेलांटी आधी आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये उलट. रफाराचंही तसंच. शिवाय मला मिळालेला कन्व्हर्टर हिंदीसाठी लिहिलेला, त्याला वऱ्हाडातला 'ऱ्' कळेना. थोडं पायथन लिहिलं, बाकी बाबा आणि मी ओळ न् ओळ ताडत बसलो. गी पॉइत्वाँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या आज 'परी'च्या संकेतस्थळावर आहेत. ते मी पुण्यात वाचलं होतं, शेअरही केलं होतं. घरातल्या तीनशे मात्र कधी उघडून बघितल्या नव्हत्या.

एका ओवीच्या शेवटी तीन टिंबं होती. मला वाटलं कन्व्हर्टरने खाल्लं. मूळ फाइल पाहिली, तिथेही टिंबंच. बाबा म्हणाले, "तिथं मायले आठवलं नाही. उद्या सांगतो म्हणे. मंग राहूनच गेलं."

भाऊबीजेला आर्वीहून आत्या आली. बाबांनी ती ओवी वाचून दाखवली. आत्या संत्रं सोलत होती, तिने मान वर न करता शेवट म्हणून टाकला आणि फोड तोंडात टाकली. बाबांनी टाइप केलं. ती टिंबं गेली.

असो. शेवटी विंडोज पुसलं नाही, मिंट त्याच्या शेजारी टाकलं. इंटरनेटसाठी मिंट, आणि इंटरनेट बंद ठेवून जुन्या फाइलींसाठी विंडोज. डीव्हीडी बाबांच्या कपाटात आहे. निघताना पाहिलं, त्यांनी तिच्यावर मार्करने, शाळेच्या रजिस्टरवर लिहितात तशा अक्षरात लिहून ठेवलंय: "याने काही पुसत नाही."