गुजिया मी दाखवत नाही

होळीच्या आधी मी विकते त्या भांड्यांचा डेमो ठरला की यजमानीण फोनवर हमखास सांगते, "दीदी, गुजिया बनाके दिखाना." मी "देखते हैं" म्हणते आणि विषय बदलते. झाशीत लक्ष्मी तालाच्या बाजूला, लक्ष्मी दरवाजाच्या आतल्या गल्ल्यांतून, घरटी एक तरी सासू किंवा काकू अशी असतेच की जिच्या गुजियेचं, म्हणजे इकडच्या करंजीचं, नाव अख्ख्या मोहल्ल्यात. तिच्यासमोर मी गुजिया करायला घेतली की सगळ्यांच्या नजरा कढई सोडून माझ्या मुरडीवर. शिवाय तळणात कढईचं कर्तृत्व ते काय? तूप तापलं की जुन्या लोखंडी कढईतही गुजिया फुलते. तीनपदरी स्टीलच्या महागड्या कढईनं तिथं येऊन करायचं काय?

म्हणून सणाचा पदार्थ निवडताना मी एकच बघते. तो बायकांना नीट येत असावा, घरात हवाहवासा असावा, पण करताना त्यांचा जीव मेटाकुटीला येत असावा, आणि तो भांड्यामुळे. आमच्या विक्रीच्या प्रशिक्षणात केक शिकवला होता, बिनपाण्याची भाजी शिकवली होती, पास्ताही होता. पास्ता बरा की वाईट हे सांगायला झाशीतल्या अम्मांकडे माप नाही. "अच्छा है" म्हणतात, बशी खाली ठेवतात आणि ऑर्डरचा फॉर्म तसाच कोरा राहतो. तिळाच्या लाडवाला मात्र प्रत्येकीपाशी माप असतं.

संक्रांतीला इकडे बुंदेलखंडात बुडकी म्हणतात. नदीत किंवा तळ्यात बुडी मारायची, तीळ खायचे, मुलांना साखरेचे गढिया-घुल्ले द्यायचे. मराठी घरांत रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात. माझ्या धंद्याचा हा सुगीचा काळ, कारण बायका आधीच जमलेल्या असतात आणि वाण म्हणून भांडं लुटायची रीत जुनीच आहे. अमेरिकेत ब्राउनी वाईज या बाईंनी 1950 च्या दशकात टपरवेअरच्या घरगुती पार्ट्या भरवून विक्रीची नवी तऱ्हा रूढ केली आणि 1996 मध्ये ती कंपनी भारतात आली. पण बायका जमवून, त्यांना हळदीकुंकू लावून, तोंड गोड करून, घरी जाताना हातात एखादी वस्तू ठेवण्याचं तंत्र आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. झाशीत तर अमराठी बायकांनाही हळदीकुंकू ठाऊक असतं. वृंदावनलाल वर्मांच्या 1946 च्या 'झाँसी की रानी' या कादंबरीतून राणीचं हळदीकुंकू हिंदी घरांत कधीच पोचलंय.

तर तीळ. स्टेनलेस स्टील दिसायला देखणं, पण उष्णता पसरवण्यात अगदी मठ्ठ. ॲल्युमिनियम त्याच्या दहा पटींहून अधिक चांगलं. पातळ स्टीलच्या कढईत मधले तीळ काळे होतात, कडेचे कच्चे राहतात आणि लाडू कडवट होतो. दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा थर असला की आच कडेपर्यंत सारखी जाते आणि तीळ सगळीकडे एकाच वेळी तडतडतात. हे मला बोलून दाखवावं लागत नाही. मी यजमानणीचीच एक पातळ कढई मागून घेते, दुसऱ्या शेगडीवर ठेवते, दोन्हींत मूठ मूठ तीळ टाकते आणि गप्प बसते. एरवी मी बडबडी आहे, पण त्या पाच मिनिटांत बोलणारी बाई ऑर्डर घालवते.

नवरात्रात शिंगाड्याचा शिरा. बुंदेलखंडातल्या तळ्यांतून शिंगाडा निघतो, त्याचं पीठ घरात असतंच. ते तुपावर भाजताना चटकन लागतं, म्हणून जाड बुडाची किंमत लगेच कळते. पंधरा-वीस मिनिटांत होतो आणि उपासाला चालतो, हे सर्वांत महत्त्वाचं. जमलेल्या बायकांनी चाखलंच नाही तर डेमो कसला? बासुंदी माझी लाडकी, कोजागिरीला शोभतेही, पण दूध आटेपर्यंत निम्म्या जणी उठून जातात. मराठी घरात मी नुसतं पुरण करते. हरभऱ्याची डाळ कुकरमध्ये साधारण 120 अंशांवर लवकर मऊ होते, खरी परीक्षा पुढं, गूळ घातल्यावर ते बुडाला न लागता घट्ट होण्याची. पोळी लाटायला घरातल्या सर्वांत वडील बाईंना पुढं करते. त्यांचा मान राहतो, आणि भांडं चांगलं की नाही हे त्याच ठरवतात. चैत्रातल्या आंबेडाळीवर माझा जीव आहे, पण तिच्यात पातेल्याला कामच नाही. म्हणून पन्हं: कैरीला कुकरची एक शिट्टी पुरते, आणि झाशीच्या उन्हाळ्यात त्याला कुणी नाही म्हणत नाही.

पदार्थाइतकंच पंचांग सांभाळावं लागतं, आणि इथं मला दोन पंचांगं लागतात. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, इकडचा पौर्णिमेला. त्यामुळे इकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो आणि कांदा-लसूणही तेव्हाच बंद होतो. महालक्ष्म्यांचा घोळ तर विचारू नका. मराठी घरांत त्या भाद्रपद शुद्धात येतात, पुरणपोळी जेवतात, जातात. बुंदेली घरांत महालक्ष्मीचं व्रत त्यानंतर, मातीच्या हत्तीची पूजा करून, नेमकं पितृपक्षातल्या अष्टमीला. तालाकाठी महालक्ष्मीचं देऊळ, जवळच गंगाधररावांची छत्री, आणि त्याच परिसरात एका घरात हत्ती सजतोय तर शेजारच्या घरात श्राद्धाचा स्वयंपाक चाललाय. पितृपक्षात नवं भांडं कुणी घेत नाही, पण त्या एका अष्टमीला इकडे सोनंसुद्धा शुभ मानतात. मी त्या आठवड्यात पदार्थ साधा ठेवते आणि ऑर्डरची घाई करत नाही.

घाई पुढं असते. धनतेरसला उत्तरेत भांडं घ्यायचंच असतं, त्यामुळे माल त्या दिवशी घरात पोचला पाहिजे. त्याआधीच्या पंधरवड्यात करवा चौथ आणि अहोई अष्टमी हे दोन कडक उपास येतात. त्या दिवशी संध्याकाळी डेमो ठेवणं म्हणजे निर्जळी बायकांसमोर तुपाचा वास सोडणं. मधल्या दिवसांत मात्र ई-रिक्षात भांड्यांची पेटी घेऊन माझी गल्लोगल्ली धावपळ. तेव्हा मी फराळाचं काही करत नाही, फक्त खवा परतते. दिवाळीत खवा प्रत्येकीला लागतो, आणि करपला तर पुढचं सगळंच गोड वाया.

तुमच्याकडे कुणी भांडी दाखवायला आलं तर तळणाचा पदार्थ सांगू नका. तीळ भाजायला सांगा, खवा परतायला सांगा, तोही तुमच्या शेगडीवर, तुमच्या जुन्या कढईशेजारी. आणि तिची पेटी भरायच्या आधी ती कढई एकदा स्वतः घासून बघा.