दाराबाहेरची कुंडी

पनवेलहून गाढी नदी ओलांडली की करंजाडे लागते. सिडकोने आखलेले सरळ रस्ते, अर्ध्यावर आलेल्या इमारती, विमानतळासाठी ज्यांची गावे उठली अशा कुटुंबांची नवी घरे आणि तळमजल्यांवर किराणा, हार्डवेअर, कापड यांची दुकाने. रस्त्याकडेची झाडे अजून लहान आहेत. सावली म्हणजे उभ्या मोटारीखालची, नाहीतर वाळूच्या ढिगामागची. इथला पारा विदर्भासारखा चढत नाही. पण खाडीवरून येणारी हवा इतकी ओलसर असते की अंगावरचा घाम सुकत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी जवळच्याच खारघरच्या मैदानावर उन्हाने 14 माणसांचे प्राण घेतले, ते या भागात कोणी विसरलेले नाही.

माणसाला निदान घाम तरी येतो. कुत्र्याला तो केवळ पंजांच्या गादीपुरता. बाकी सारी उष्णता त्याला जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच उतरवावी लागते. आणि हवा आधीच पाण्याने जड असली की ती धापही अपुरी पडते. प्रौढ कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागते. वाढत्या पिल्लाला, तेही उन्हात, याहून बरेच अधिक.

असाच एक प्रसंग येथील एका किराणा दुकानदाराच्या घरी आला. दुकानामागे वाळूच्या ढिगात व्यालेली कुत्री डंपरखाली गेली आणि पाच आठवड्यांची चार पिल्ले मागे राहिली. घरातील आजींनी मायेने गाईच्या दुधाची वाटी पुढे केली. आपल्याकडे कोणाच्याही घरी हेच झाले असते. परंतु गाईच्या दुधातील साखर पुष्कळ पिल्लांना पचत नाही. जुलाब लागतात आणि अंगात जे थोडे पाणी असते तेही निघून जाते. दुसऱ्या दिवशी चौघांनाही जुलाब झाले. त्यांतले सर्वांत लहान तिसऱ्या दिवशी दुपारी पायरीखाली निश्चल पडलेले सापडले. घरात त्या संध्याकाळी फारसे कोणी बोलले नाही.

पनवेलच्या पशुवैद्यांनी उरलेल्या तिघांना तपासले. खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून सोडली की ती लगेच पूर्ववत व्हायला हवी. सावकाश बसली, हिरड्या कोरड्या व चिकट लागल्या, तर शरीरातले पाणी आटले आहे असे समजावे. ही खूण त्यांनी सुनेला हाताने करून दाखवली. दूध बंद करून मऊ शिजवलेला, पाण्यात कालवलेला आहार थोडा थोडा, दिवसातून चार वेळा. आणि पाणी सदैव समोर. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत त्या पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. जैन स्वयंपाकघराचा येथे एक अनपेक्षित लाभ आहे. कांदा आणि लसूण ही कुत्र्याला विषासमान आहेत, आणि ती आपल्या चुलीवर चढतच नाहीत. मात्र मनुका, बेदाणे आणि चॉकलेटही त्याला तितकेच घातक. तेव्हा शिऱ्यातला घास प्रेमाने पुढे करताना हात आखडावा.

पाण्याचा प्रश्न आजींनीच उभा केला. उघड्या कुंडीत मुंग्या पडणार, डासांच्या अळ्या होणार. एकाची तहान भागवताना दहांचा घात करायचा काय? ज्या घरात पाणी गाळून जिवाणी परत सोडण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, तेथे हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. उत्तर हळूहळू सापडले. भांडे उथळ, मातीचे, सहज न कलंडणारे. पाणी गाळलेले आणि बोटाच्या दोन पेरांइतकेच. मध्ये एक तिरपा दगड, म्हणजे पडलेला किडा चढून बाहेर येईल. सकाळ-संध्याकाळ भांडे रिकामे करून, घासून पुन्हा भरायचे. अळीला वाढण्याइतका अवधीच मिळत नाही. उथळपणा पिल्लासाठीही आवश्यक होता. बांधकामावरच्या पाण्याच्या टाक्यांत आणि पिंपांत पिल्ले वाकून पडतात व वर येऊ शकत नाहीत; सिमेंट कालवलेले पाणी तर तोंड आणि अन्ननलिका भाजून काढते. धातूची ताटली उन्हात तापते, म्हणून ती नको.

उन्हाने पिल्लू कोसळलेच, डोळे तारवटले, लाळ दाट झाली, तर त्याला आधी सावलीत आणावे. पोट, काखा व पंजे नळाच्या साध्या गार पाण्याने भिजवून वारा घालावा, आणि तसेच वैद्याकडे न्यावे. त्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असते; 41 अंशांच्या पुढे आतले अवयव निकामी होऊ लागतात.

शेजारच्या इमारतीतून तक्रार आलीच. तिथे लहान मुले खेळतात, आणि आईबापांची भीती खोटी नव्हती. रेबीजची लक्षणे उमटल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी हा तंटा बऱ्याच अंशी आधीच ओळखला आहे. अन्नपाण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून व प्रवेशद्वारापासून दूर असावी, असे ते सांगतात. सभेत बराच वाद झाला. शेवटी मागच्या कुंपणाजवळ, मीटरच्या खोलीपलीकडची जागा ठरली.

याच शहराच्या पलीकडे, मुंबईत, 1832 साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून दंगल उसळली होती. पारशी पुढे होते, इतरही समाज सामील झाले. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. त्यात सर जमशेटजी जीजीभाईंसोबत शेठ मोतीशहांचे नाव घेतले जाते. व्यापाऱ्यांनी हा भार तेव्हा पेढीच्या हिशेबात बसवला होता. करंजाड्याच्या दुकानदारानेही वहीत ‘कुत्र्यांचे’ असे एक खाते उघडले आहे. त्यात लसींचा, तांदळाचा आणि दोन कुंड्यांचा खर्च आहे.

पावसाळ्याआधी दोन पिल्लांना घरे मिळाली. तिसरी मादी दुकानातच राहिली. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुत्रातून लेप्टोचा संसर्ग होतो, म्हणून तिचे पोते जमिनीवरून उचलून फळीवर ठेवले आहे. दुकानातला पोऱ्या माल उतरवायला आलेल्या टेम्पोखाली आधी वाकून पाहतो, बोनेटवर दोनदा थाप मारतो आणि मगच चालकाला गाडी मागे घ्यायला सांगतो.