गाडीचे नवे दिवे

सेवानिवृत्तीनंतर रात्री गाडी चालवणे मला जड जाऊ लागले. इंदूरहून देपालपूरला थोरल्या बहिणीकडे जायचे आणि जेवण करून परतायचे, हा आमचा जुना परिपाठ. पण परतताना रस्त्याची कड दिसेनाशी होई. दोष अर्थातच मी दिव्यांना दिला आणि बाजारातून पांढराशुभ्र प्रकाश देणारे एलईडी बल्ब बसवून घेतले. पहिल्याच रात्री दूरचा मैलाचा दगडही लख्ख दिसला. समोरून येणारे लोक दिव्यांची उघडझाप करून काही सुचवीत होते; त्यांच्या उद्धटपणाबद्दल मी सौभाग्यवतींजवळ नाराजीही व्यक्त केली.

पुढे एका पावसाळी संध्याकाळी समोरून मोटारसायकलवर दूधवाला येत होता. तो एकाएकी रस्ता सोडून कडेच्या चिखलात उतरला आणि आडवा झाला. मी धावलो. सुदैवाने लागले नव्हते; एक कॅन मात्र सांडला होता. तो एवढेच म्हणाला, ‘‘बाबूजी, आपको तो सब दिख रहा है. हमको कुछ नहीं दिखता.’’ दुधाचे पैसे त्याने मोजून घेतले, उरलेले परत दिले.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने जुना हॅलोजन बल्ब हाती ठेवला. त्यात दोन तारा असतात. खालच्या झोताच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश परावर्तकाच्या वरच्या भागावरच पडतो आणि तेथून रस्त्यावर उतरतो. माझ्या नव्या बल्बांत प्रकाशाचा उगम नेमका त्या जागी नव्हता. म्हणून झोत फाकून समोरच्याच्या डोळ्यांत जात होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ काढून वाचला. आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना दिपवू नये, असा झोत खाली वळवलेला असावा, हे तेथे स्वच्छ लिहिले आहे. उभी हयात मी इतरांना नियम दाखवण्यात घालवली; हा एक पाहण्याचे मात्र सुचले नव्हते.

नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. म्हणजे धूसर झाले होते ते माझेच भिंग! शस्त्रक्रिया झाली. जुने बल्ब पुन्हा बसवले, दिव्यांची पिवळी पडलेली आवरणे घासूनपुसून घेतली. एवढ्यावर काम भागते. बहिणीकडून आता दिवस मावळण्यापूर्वीच निघतो.

ते एलईडी बल्ब कपाटाच्या खणात पडून आहेत. परवा शेजारच्या मुलाने ते आपल्या गाडीसाठी मागितले, तेव्हा बिघडले आहेत असे मी त्याला सांगितले.