संधिप्रकाशाची लुकलुक

भर दुपारचे ऊन मोजले तर ते सुमारे १,००,००० लक्स भरते. पौर्णिमेचे स्वच्छ चांदणे मात्र पाव लक्सच्या आसपासच असते. एवढा मोठा फरक रोज डोळ्यांदेखत घडतो, आणि तरीही तो कोणाला जाणवत नाही. डोळा मोठा समंजस आहे. प्रकाश ओसरू लागला की बाहुली रुंदावते, आतील नेत्रपटल हळूहळू अंधाराला सरावते. कॅमेऱ्याच्या अंगी हा समंजसपणा नाही. म्हणूनच दिवस मावळून रात्र कशी होते, हे अर्ध्या मिनिटात पडद्यावर दाखविणे छायाचित्रकाराची कसोटी पाहते.

ही कला तशी जुनीच. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे थोडेथोडे चित्रण करून 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट तयार केला. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा, १९१३ चा. कित्येक दिवसांची वाढ त्यांनी अशा रीतीने थोडक्या वेळात दाखविली. मुंबईच्या मलबार टेकडीवर ट्रायपॉड रोवून मरीन ड्राइव्हकडे कॅमेरा लावणारा आजचा छायाचित्रकारही तत्त्वतः तेच करतो. दर दहा सेकंदांनी एक याप्रमाणे दोन तासांत त्याची ७२० छायाचित्रे होतात. सेकंदाला २४ या वेगाने ती दाखविली की ३० सेकंदांचा चित्रपट तयार!

परंतु पडद्यावर पाहावे तो काय? आकाश सारखे लुकलुकते आहे, जणू कोणी दिव्याशी खेळ मांडला आहे. एकेक छायाचित्र निरखले तर त्यात काहीच खोट दिसत नाही. खोट असते ती शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या न पटण्यात.

पहिला संशय कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मोजणीवर घ्यावा. ती दर वेळी प्रकाशाचा नवा अंदाज बांधते. समोरून एखादी पांढरी गाडी गेली, एखादा दिवा लागला, की तिचा अंदाज ढळतो. शिवाय पुष्कळ कॅमेरे प्रकाश पायऱ्यापायऱ्यांनीच कमीजास्त करतात. एका पायरीने चित्र एकदम पाव हिश्श्याहूनही थोडे अधिक उजळते. तेव्हा मोजणी बंद करून सूत्रे आपल्या हाती घेणे बरे. उन्हात शटर सेकंदाचा पाचशेवा भाग उघडे ठेवावे लागते, तर रात्री चार सेकंद. म्हणजे सुमारे दोन हजार पट. हा प्रवास लहान लहान पायऱ्यांनी करावा लागतो. प्रत्येक छायाचित्रासोबत शटरची वेळ नोंदलेली असते. त्या नोंदींवरून संगणक पायरीची उडी मधल्या चित्रांत वाटून देतो आणि जिन्याचा उतार होतो.

दुसरे कारण अधिक लबाड आहे. भिंगाच्या पोटात लहान लहान पाती असतात. छायाचित्र घेताना ती मिटून ठरावीक छिद्र ठेवतात आणि लगेच पुन्हा उघडतात. कितीही उत्तम यंत्र असले तरी ७२० वेळा अगदी तेवढेच छिद्र पडत नाही. छिद्र जितके लहान, तितका हा केसभर फरक मोठा भासतो. उपाय साधा: छिद्र पूर्ण उघडे ठेवावे, म्हणजे पात्यांना हलावेच लागत नाही. हाताने कडे फिरवून छिद्र ठरविण्याचे जुने भिंगही येथे कामी येते. काही जण भिंग किंचित फिरवून कॅमेऱ्याशी असलेला त्याचा संबंध तोडतात; पण सैल भिंग खाली पडण्याचे भय असल्यामुळे नवशिक्याने या वाटेस न गेलेलेच बरे.

दिव्यांची लुकलुक आणखी निराळी. आपल्याकडील विजेची आवर्तने सेकंदाला ५०. त्यामुळे कित्येक दिवे सेकंदात १०० वेळा मंदावतात व उजळतात. शटर फार थोडा वेळ उघडले तर दिवा कधी मंद सापडतो, कधी तेजस्वी. अंधार वाढून शटरची वेळ लांबली की ही पीडा आपोआप जाते.

एवढे करूनही उरलेली लुकलुक संगणकाकडून पुसून घेता येते. मात्र खरी परीक्षा येथेच आहे. सूर्यापुढून ढग सरकला, क्षणभर सारी चौपाटी काळवंडली आणि पुन्हा उजळली, तर तो यंत्राचा दोष नव्हे. ते त्या सांजेचेच रूप आहे. संगणकाला हा भेद आपण होऊन कळत नाही. तो दोन्ही सारख्याच निष्ठेने पुसून टाकतो. आणि ती सांज तर पुन्हा येणार नसते. उद्याचे ढग निराळे, उद्याचा वारा निराळा.

म्हणून जाणता छायाचित्रकार कॅमेऱ्यापाशी वही घेऊन बसतो. सहाला पाच मिनिटे असताना ढग आला, सहाला गेला, असे तो लिहून ठेवतो. घरी आल्यावर त्या पाच मिनिटांची तीस छायाचित्रे वेगळी काढतो आणि त्यांना हात न लावता बाकीची संगणकाच्या स्वाधीन करतो.