पायांना वाट कळते म्हणे

‘नकाशे नवख्यांसाठी. डोंगरात पायांना आपोआप वाट कळते.’ हे वाक्य मी तीसेक वर्षं ऐटीत म्हणत आलो. (जन्म सदाशिव पेठेतला, पण ते असो.) दिशेची जाण गाण्याच्या गळ्यासारखी, असते किंवा नसते, आणि मला ती आहे, असा माझा समज होता.

या भ्रमाचा भोपळा तोरण्याहून राजगडाला जाताना फुटला. पावसाळा, दहा पावलांपलीकडे नुसतं धुकं, रानात ढोरवाटांचा गुंता. राजगड तोरण्याच्या आग्नेयेला आहे, एवढं मला पाठ. मी पुढे, भाची मागे. तासाभराने करवंदीच्या जाळीत अडकलेली एक निळी पिशवी दिसली. तीच पिशवी मघाशीही दिसली होती. मी गप्प. भाचीही गप्प, आणि ते जास्त लागलं.

पुढे वाचनात आलं, की 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात सरळ चालायला सांगितलं होतं. ऊन असताना ती बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलेलं असताना मात्र गोल फिरली, आणि आपण गोल फिरतोय हे त्यांना कळलंही नाही. म्हणजे इतकी वर्षं वाट पायांना नव्हे, उन्हाला कळत होती!

त्या दिवशी धुक्यात, पिशवी पुन्हा दिसल्यावर, भाचीने सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा काढला, होकायंत्र ठेवून तो उत्तरेला लावला. या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि दर वीस मीटर उंचीला एक रेष. ‘मामा, तू ज्याला सोंड म्हणतोयस, तो ओढा आहे.’ रेषांना कोपर येतं. ते चढाकडे वळलं तर ओढा, उताराकडे वळलं तर सोंड. मला दोन्ही सारखीच दिसत होती, कारण रेषांवरचे आकडे मी कधी वाचलेच नव्हते.

शेवटी राजगडाच्या अळू दरवाजातून संजीवनी माचीवर पोचलो, ते भाचीच्या मागून.

आता मी प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून बघतो. परतीची वाट उलट्या अंगाने वेगळीच दिसते, हे तिचंच सांगणं. शहरातही तळघरातल्या पार्किंगमधून वर येताना मनात उत्तर ठरवायची आणि मग होकायंत्र बघायचं, असा खेळ चालू केलाय. गेल्या आठवड्यात दहापैकी चार वेळा चुकलो. भाचीला मी तीन सांगितलेत.