खोका उघडू नकोस!

जॉन लुईस या ब्रिटिश दुकानाची २०११ची ख्रिसमसची जाहिरात पाहिलीय? एक पोरगा नाताळची वाट बघत जाम अस्वस्थ झालाय. मागे ‘द स्मिथ्स’चं १९८४चं गाणं, पण नव्याने गायलेलं, एका मुलीच्या कोवळ्या आवाजात. वाटतं, गिफ्टसाठी उतावीळ झालाय बेटा. पण सकाळी तो स्वतःच्या गिफ्ट्स सोडून आईबाबांसाठी दडवलेला खोका घेऊन धावतो. बस्स, आपण खल्लास!

गाण्याने गंडवलं, हे कळतं हो. तरी परवा ऑफिसात बघताना गळा दाटलाच. यंदा दिवाळीला कामाचं निमित्त सांगून मी आईला नुसता मिक्सर कुरियर केलाय. त्या पोराने खोका स्वतः नेऊन दिला होता.

लगेच फोन लावला, ‘‘आई, खोका उघडू नकोस. मी येतोय.’’